वाटेत गळालेल्यांचा हिशेब

एखाद्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागल्याची बातमी वाचली की जाणता कार्यकर्ता पहिला प्रश्न विचारतो : परीक्षेला बसले किती? आणि दुसरा : पहिलीत नावे घातलेल्यांपैकी दहावीपर्यंत पोहोचले किती? शिक्षणाच्या बाबतीत हे प्रश्न विचारण्याची सवय आपल्या चळवळीने स्वतःला लावून घेतली आहे. रोगोपचाराच्या बाबतीत मात्र ती अद्याप लागलेली नाही. नवे औषध निघाले, 'यशाचे प्रमाण ७३ टक्के' असे छापून आले, की आपण एक तर हरखून जातो किंवा त्याची किंमत ऐकून संतापतो. हे ७३ टक्के कशाचे, किती काळाचे आणि कोणापैकी, हे विचारीत नाही. रक्ताच्या कर्करोगाच्या निमित्ताने हे तीन प्रश्न येथे विचारावयाचे आहेत. वरवर पाहता हा विषय डॉक्टरांचा आणि संख्याशास्त्रज्ञांचा. परंतु हिंगोलीसारख्या जिल्ह्यातील माणसाचे जीवित त्यांच्या उत्तरांशी बांधलेले आहे, आणि म्हणून तो राजकारणाचाही विषय आहे.

निमित्त आपल्याच राज्यातील आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेने 'नेक्सकार-१९' या उपचाराला परवानगी दिली. रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी काढून घ्यावयाच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात जनुकीय बदल करावयाचा आणि कर्करोगाच्या पेशी हुडकून नष्ट करण्यासाठी त्या पुन्हा त्याच्या शरीरात सोडावयाच्या, अशी ही पद्धती. मुंबईची आय. आय. टी., टाटा स्मारक रुग्णालय आणि आय. आय. टी.च्याच आवारातून निघालेली 'इम्युनोॲक्ट' ही कंपनी यांनी ती सिद्ध केली. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाचे साहाय्यही तिला लाभले. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मुंबईत ती राष्ट्राला अर्पण केली. अमेरिकेत २०१७ साली अशाच प्रकारच्या उपचाराची किंमत पावणेपाच लाख डॉलर ठरविण्यात आली होती. येथे ती तीस ते चाळीस लाख रुपयांच्या घरात आली. सार्वजनिक संस्थांतील शास्त्रज्ञांनी केलेली ही कामगिरी निःसंशय अभिमानास्पद आहे. तिचे मोल जाणूनच पुढील प्रश्न विचारले पाहिजेत.

या उपचाराच्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ साली 'लॅन्सेट हेमॅटॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एकूण ६४ रुग्ण, सर्व असे की ज्यांच्यावर आधीचे उपचार निष्फळ ठरले होते किंवा ज्यांचा रोग उलटला होता. परिणामाचे मूल्यमापन करता आले अशा ५१ जणांपैकी ७३ टक्क्यांमध्ये उपचाराला प्रतिसाद मिळाला. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत गेला तो हा आकडा. त्याच निबंधात आणखी दोन आकडे होते : रोग पुन्हा न बळावता गेलेल्या काळाचा मध्यक रक्ताच्या तीव्र कर्करोगात सुमारे सहा महिने आणि लसिकाग्रंथींच्या कर्करोगात सुमारे चार महिने. हे आकडे मथळ्यांत क्वचितच आले. शास्त्रज्ञांनी ते लपविले नव्हते. ते वाचण्याची सवय आपल्याला नव्हती.

आता पहिला प्रश्न : ७३ टक्के कशाचे? तर प्रतिसादाचे. प्रतिसाद म्हणजे बरे होणे नव्हे. रक्ताच्या तीव्र कर्करोगात अस्थिमज्जेतील अपक्व पेशींचे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आले की रोग 'ओसरला' असे म्हणतात. पण सूक्ष्मदर्शकाला न दिसणारा रोग शिल्लक राहू शकतो. म्हणून आता दहा हजार पेशींत एखादी रोगट पेशी उरली असली तरी ती हुडकणाऱ्या चाचण्या वापरल्या जातात. ती एक पेशीही दिसली नाही, तर रोग उलटण्याचा संभव घटतो; नाहीसा होत नाही. ओसरणे, ओसरलेले टिकणे आणि माणूस जगणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीची मोजणी वेगळी आहे.

हा भेद या शास्त्राच्या जन्मापासूनचा आहे. १९४८ साली बोस्टनच्या सिडने फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे औषध रक्ताचा कर्करोग झालेल्या १६ मुलांना दिले, आणि त्यांपैकी १० मुलांत सुधारणा दिसली. हे औषध ज्या प्रयोगशाळेतून आले तेथील संशोधनाचे सूत्रधार होते आंध्रातून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बराव. त्या काळी ही गोष्ट चमत्कारासारखीच होती. तरीही फार्बर यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच हा उतार 'तात्पुरता' असल्याचे नमूद केले. आजच्या जाहिरातबाज युगात हा प्रामाणिकपणा मुद्दाम आठवावा असा आहे.

प्रतिसाद चांगला आणि परिणाम वाईट, असेही घडू शकते. मज्जार्बुद, म्हणजे मल्टिपल मायलोमा, या रोगावर व्हेनेटोक्लॅक्स या औषधाची एक चाचणी झाली. नेहमीच्या औषधांच्या जोडीला १९४ रुग्णांना व्हेनेटोक्लॅक्स आणि ९७ रुग्णांना औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. औषध घेणाऱ्यांचा रोग अधिक काळ आटोक्यात राहिला. पण मृत्यू मोजले तेव्हा औषधाच्या गटात ४१, म्हणजे सुमारे २१ टक्के, आणि दुसऱ्या गटात ११, म्हणजे सुमारे ११ टक्के भरले. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाला जाहीर इशारा द्यावा लागला. रोगाची मोजणी करून थांबले असते आणि माणसांची केली नसती, तर हे औषध यशस्वी ठरले असते. हेच औषध रक्ताच्या दुसऱ्या काही कर्करोगांत उपयुक्त ठरले आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. म्हणजे दोष औषधाच्या जातीचा नव्हे, एकाच मोजपट्टीवर विसंबण्याचा.

दुसरा प्रश्न : किती काळाचे? येथे कोणी म्हणेल की, मग प्रत्येक औषधाला दहा वर्षे थांबवून मृत्यूंची मोजदाद पुरी होईपर्यंत परवानगीच देऊ नये. हे म्हणणे कठोर तर आहेच, पण चुकीचेही आहे. इमॅटिनिबचे उदाहरण घ्या. रक्ताच्या एका दीर्घकालीन कर्करोगावरील या गोळीला अमेरिकेत मे २००१ मध्ये परवानगी मिळाली ती प्रतिसादाच्याच आधारावर. तिच्या मोठ्या चाचणीत १,१०६ रुग्ण होते. निम्म्यांना इमॅटिनिब, निम्म्यांना इंटरफेरॉनवर आधारलेला जुना उपचार. फरक इतका ठळक निघाला की जुन्या उपचाराच्या गटातील बहुसंख्य रुग्ण पुढे इमॅटिनिबकडे वळले, आणि वळले ते योग्यच केले. पण त्यामुळे दोन गटांतील मृत्यूंची तुलना धूसर झाली. माणुसकीने वागले की मोजणी थोडी बिघडते, हे मान्यच केले पाहिजे. तरीही पाठपुरावा सोडला गेला नाही. इमॅटिनिबने सुरुवात केलेल्या रुग्णांपैकी दहा वर्षांनंतर ८३ टक्क्यांहून अधिक हयात असल्याचा अंदाज २०१७ साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीची आशा काळाने खरी ठरविली.

याउलट उदाहरण 'मायलोटार्ग' या औषधाचे. त्यालाही २००० साली प्रतिसादाच्या आधारावर परवानगी मिळाली. पुढच्या चाचणीत आयुष्य वाढल्याचे दिसले नाही, उपचारामुळे होणारे मृत्यू मात्र अधिक दिसले, आणि २०१० साली ते अमेरिकेच्या बाजारातून काढून घ्यावे लागले. मग मात्रा कमी करून आणि वेळापत्रक बदलून नव्याने पारख झाली, आणि २०१७ साली ते परत आले. दोन्ही उदाहरणांचा बोध एकच : लवकरची परवानगी ही उधारी आहे. उधारी देणे कित्येकदा न्याय्य असते. पण ती वसूल करण्याची तारीख कागदावर लिहिलेली असली पाहिजे.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण तो थेट आपल्या दारात येतो : कोणापैकी?

आयुर्मानाची मोजणी ज्या पद्धतीने होते ती कॅप्लान आणि मायर या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९५८ साली मांडली. बेकारी किती काळ टिकते हे मोजण्यासाठी अर्थशास्त्रातही तिचा उपयोग होतो. तिची खुबी अशी की, जो रुग्ण मध्येच नजरेआड झाला त्याला ती मृतही धरीत नाही आणि जिवंतही धरीत नाही; नजरेआड होण्याच्या क्षणापर्यंत त्याची गणना करते आणि नंतर त्याला हिशेबातून वगळते. यामागे एक गृहीतक आहे : जे नजरेआड झाले त्यांचे भवितव्य, जे नजरेसमोर राहिले त्यांच्यासारखेच असणार. गाव बदलल्यामुळे किंवा चाचणीची मुदत संपल्यामुळे कोणी नजरेआड झाला, तर हे गृहीतक चालते. पण पैसे संपले म्हणून जो गेला त्याच्या बाबतीत ते चालत नाही. औषध थांबले म्हणजे रोग उलटणार. मागे राहिलेल्यांसारखे त्याचे भवितव्य असणे शक्य नाही.

हिशेब साधा करून पाहू. समजा, रक्ताचा कर्करोग झालेली १०० मुले उपचारासाठी आली. पहिल्याच महिन्यात २० मुलांच्या पालकांनी उपचार सोडला. उरलेल्या ८० पैकी २० मुलांचा रोग उलटला किंवा ती दगावली. प्रचलित रीतीने सोडून गेलेली मुले वगळली, तर यशाचे प्रमाण ८० पैकी ६०, म्हणजे ७५ टक्के. सोडून जाणे हेही उपचाराचे अपयशच मानले, तर १०० पैकी ६०, म्हणजे ६० टक्के. आजार तोच, औषधे तीच, मुलेही तीच. पंधरा टक्क्यांचा फरक पडला तो केवळ गरिबीला हिशेबात घ्यावे की नाही या निर्णयामुळे. निर्णय वरकरणी संख्याशास्त्रीय दिसतो. वस्तुतः तो नैतिक आहे.

बालकर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने हा दोष ओळखून, सलग चार आठवडे किंवा अधिक काळ उपचार चुकणे म्हणजे उपचारत्याग, अशी व्याख्या सुचविली आणि विकसनशील देशांनी तो अपयशाच्या खात्यात मांडावा असा आग्रह धरला. यावर डॉक्टर मंडळींचा एक आक्षेप असतो : गेलेल्यांपैकी काहींनी दुसरीकडे उपचार घेतले असतील, त्यांना अपयशात धरणे अन्यायाचे. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच मागणी अशी असावी की दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापावेत. त्या दोन आकड्यांमधील अंतर हे औषधाचे मोजमाप नव्हे; ते समाजव्यवस्थेचे मोजमाप आहे.

हिंगोलीच्या दृष्टीने हे अंतर म्हणजे काय? १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातील एखाद्या मुलाला रक्ताचा तीव्र कर्करोग झाला, तर मुंबई पाचशेहून अधिक किलोमीटरवर. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करुग्णालय त्या मानाने जवळ, पण तेही रोजच्या जाण्यायेण्याचे नव्हे. या आजाराचा उपचार चालतो दोन ते अडीच वर्षे. पहिले काही महिने रुग्णालयातील इंजेक्शनांचे, आणि नंतरचा दीर्घ काळ गोळ्यांचा व नियमित रक्ततपासणीचा. या दुसऱ्या टप्प्यातील मुख्य गोळ्या जुन्या आहेत, स्वस्त आहेत. महाग आहे तो प्रवास, मुक्काम आणि बुडालेला रोजगार. सोयाबीनची काढणी, हळदीची शिजवणी, ऊसतोडीची उचल यांच्या वेळापत्रकाला रुग्णालयाची तारीख ठाऊक नसते. मूल बरे दिसू लागलेले असते, हातातला पैसा संपलेला असतो, घरी दुसरी लेकरे असतात. आणि एक तारीख चुकते. मग दुसरी. शासनाची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना उपचाराचा खर्च उचलते. पण आईची बुडालेली मजुरी कोणत्याही योजनेच्या दरपत्रकात नाही. टाटा रुग्णालयाच्या रुग्णांना आसरा देणारी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा हे काम पिढ्यानुपिढ्या करीत आली आहे. परंतु समाजाच्या दानतीवर विसंबून शासनाने स्वस्थ बसावे, असा त्याचा अर्थ नाही.

हे बदलता येते याचा पुरावा आपल्याच देशात आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी भारतात या आजाराच्या मुलांपैकी वीस टक्केही दीर्घकाळ वाचत नसत. १९८४ पासून मुंबईचे टाटा रुग्णालय, दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि चेन्नईची कर्करोग संस्था यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने 'एमसीपी-८४१' ही एकसारखी उपचारपद्धती राबविली. त्यात नवे असे औषध नव्हते. उपलब्ध औषधे एकाच शिस्तीने देणे आणि एकाच रीतीने नोंदी ठेवणे, एवढेच नवे होते. चार वर्षे रोग न उलटता जगणाऱ्यांचे प्रमाण चाळीस ते साठ टक्क्यांपर्यंत गेले. मोजणी हा उपचाराचाच एक भाग आहे, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

खेड्यापाड्यांतून पाठपुरावा होणारच नाही, असे म्हणणाऱ्यांना बार्शीने १९८७ सालीच उत्तर दिले आहे. देशातील ग्रामीण भागाची पहिली कर्करोग नोंदणी तेथे सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिने घेतली. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन माहिती गोळा केली. क्षयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचेही तसेच. ज्यांचा उपचार सुरू झाला त्या सर्वांचा गटवार हिशेब तेथे द्यावाच लागतो : बरे किती झाले, दगावले किती, आणि पाठपुराव्यातून सुटले किती. पूर्वी अशा सुटलेल्या रुग्णाला 'कसूरदार' ठरविणारा शब्द वापरीत. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने तो बदलला. शब्दाबरोबर दोषाची जागाही बदलली : रुग्णाने कसूर केली असे न म्हणता, व्यवस्थेच्या हातून तो सुटला असे म्हणावयाचे. क्षयाच्या बाबतीत जे प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत करता येते, ते रक्ताच्या कर्करोगाच्या मोजक्या रुग्णांच्या बाबतीत करता येऊ नये याला कारण नाही.

कुपोषण, रक्तक्षय आणि बाळंतपणातील मृत्यू यांनी गांजलेल्या मुलखात या दुर्मीळ आजाराची चर्चा कशाला, असे काही सहकारी विचारतील. प्रश्न प्रामाणिक आहे. उत्तर असे की, येथे मागितलेले आहे ते चाळीस लाखांचे औषध नव्हे; मागितलेला आहे तो चोख हिशेब. आणि चोख हिशेबाची सवय एकदा शासनाला लागली, की ती एका आजारापुरती मर्यादित राहत नाही.

म्हणून मागण्या चार. एक : रक्ताच्या कर्करोगावरील प्रत्येक देशी चाचणीच्या निष्कर्षात उपचार सोडलेल्यांची संख्या, त्यांना वगळून येणारा आकडा आणि त्यांना धरून येणारा आकडा, हे तिन्ही जाहीर व्हावेत. १५ जून २००९ पासून देशात प्रत्येक चाचणीची नोंद चाचणी-नोंदवहीत करणे सक्तीचे आहे. चाचणी सुरू झाल्याची नोंद सक्तीची, तर तिच्या निष्पत्तीची नोंदही मुदतीत होणे तितकेच सक्तीचे असावे. दोन : सार्वजनिक संस्थांत, सार्वजनिक पैशावर जन्मलेल्या उपचारांची दीर्घकालीन नोंद सार्वजनिक असावी. 'नेक्सकार-१९' घेतलेल्या प्रत्येक रुग्णाचे एका वर्षाने, तीन वर्षांनी, पाच वर्षांनी काय झाले, हे नाव न उघडता दरवर्षी प्रसिद्ध व्हावे. तीन : किमतीची वाटाघाट प्रतिसादाच्या नव्हे, टिकलेल्या लाभाच्या आधारावर व्हावी. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिबच्या नव्या रूपावरील नोव्हार्टिस कंपनीचा एकाधिकाराचा दावा फेटाळला, आणि महिन्याला लाखाच्या वर जाणाऱ्या गोळीच्या जागी आठ-दहा हजारांची देशी गोळी रुग्णांना मिळत राहिली. 'खरोखर अधिक गुण येतो का, ते दाखवा,' हा त्या कायद्यातील कलमाचा आशय आहे. तोच आशय सरकारी खरेदीलाही लागू व्हावा. चार : हिंगोलीला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. मुंबईत किंवा संभाजीनगरला सुरू झालेल्या उपचाराचा गोळ्यांचा टप्पा, रक्ततपासणी आणि पाठपुरावा तेथे व्हावा. मोठ्या रुग्णालयात जावेच लागेल तेव्हा रुग्णासह एका नातेवाइकाचा प्रवास, मुक्काम आणि बुडालेली मजुरी शासनाने द्यावी.

कार्यकर्त्यांनाही काम आहे. आपल्या तालुक्यात असा रुग्ण असेल, तर त्याची पुढची तारीख ठाऊक असणारा एक माणूस गावात असावा. तारीख चुकली तर दुसऱ्याच दिवशी घरी जाऊन कारण विचारणारा असावा, आणि ते कारण पैशाचे असेल तर ते तहसीलपासून विधिमंडळापर्यंत पोहोचविणारा असावा. रुग्णाचे नाव चव्हाट्यावर आणू नये, खोटी आशा दाखवू नये आणि उपचाराबाबत डॉक्टरांच्या जागी बोलू नये, ही पथ्ये पाळावीत.

औषधाचा गुण शास्त्रज्ञ ठरवतील आणि त्यांनीच तो ठरवावा. पण भागाकार करताना खालच्या आकड्यात कोणाला धरावयाचे आणि कोणाला वगळावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार समाजाचा आहे. सेनगावच्या मुलाचा उपचार थांबला, तर तो आकडा गाळलेल्या जागेत जाता कामा नये. तो छापला गेला पाहिजे, वाचला गेला पाहिजे आणि त्याचा जाब शासनाला विचारला गेला पाहिजे.